बायकोच्या फोटोचं माप

माझ्या बायकोला कंपनी दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवणार, ही बातमी तिने मला फोनवर सांगितली तेव्हा मी कारखान्यात ब्रेकच्या एका भागाचं भोक मोजत होतो. मी म्हणालो, "अरे वा." मग पुन्हा म्हणालो, "अरे वा, छानच." फोन ठेवला आणि तो भाग नापास केला. पाच मिनिटांनी परत मोजला तर तो चांगला निघाला. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही चेन्नईत क्रोमपेटला भाड्याच्या घरात राहत होतो. तिची नोकरी सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर पार्कात, माझी इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. सकाळी दोघं एकाच थांब्यावर उभे राहायचो. तिची बस यायची गार, पडदे लावलेली, दार आपोआप उघडणारी. माझी यायची धडधडत, आणि पायऱ्यांना कालच्या तेलाचा वास असायचा. तिच्या गळ्यात रंगीत फितीचं ओळखपत्र, माझ्या पायात लोखंडी टोपणाचे बूट. तिची बस आधी यायची. खिडकीतून ती हात करायची आणि मीही करायचो, पण रोज मनात यायचं, हिचीच बस आधी का?

मी हेवेखोर माणूस आहे. आता वय झाल्यावर हे लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा मी त्याला वेगवेगळी नावं द्यायचो, कधी काळजी, कधी व्यवहार, कधी दर्जा. आम्ही पुण्याला एकाच कॉलेजात, एकाच वर्गात, दोघंही मेकॅनिकलला. वर्गात मुली चार, त्यातली ही एक. दर परीक्षेत ती माझ्यापेक्षा थोडी पुढे असायची. फार नाही, पण रांगेत आपल्या पुढच्या माणसाचं डोकं दिसत राहतं तेवढी. शेवटच्या वर्षी ती सॉफ्टवेअरला गेली आणि मी म्हणालो, मशीन सोडून पळाली. खऱ्या इंजिनिअरचं काम मी करतोय, हे मी तिला आणि पाहुण्यारावळ्यांना पटवत राहिलो. ती ऐकून घ्यायची. पगाराबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही, कारण तिने ते कधी निघू दिलं नाही.

तर तिचा व्हिसा निघणार होता आणि बायकोबरोबर जाणारा नवरा म्हणून माझाही. फॉर्मवर माझ्यासाठी शब्द होता 'डिपेंडंट'. तिथे मला नोकरी करता येणार नव्हती. इकडे मी राजीनामा द्यायचा, तिकडे जाऊन भाजी चिरायची, असं मी कारखान्यातल्या दोस्तांना हसत हसत सांगायचो आणि घरी येईपर्यंत माझा जबडा दुखत असायचा. आईने तर गावाकडे परस्पर सांगूनही टाकलं होतं की मुलाला कंपनी अमेरिकेला पाठवतेय आणि सूनबाई सोबत चाललीय. बायकोच्या मावशीने फोन करून तिला विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, आम्ही दोघं चाललोय हे खरं. मी शेजारीच बसलो होतो. तिने मला वाचवलं, आणि त्याचाच मला राग आला.

तिच्या कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने कागदांची यादी दिली. सगळे कागद सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पूर्ण हवेत, नाहीतर मुलाखतीची तारीख हुकेल, आणि तारीख हुकली तर तिकडचे लोक थांबणार नाहीत, दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील. हे तिने मला दोनदा सांगितलं. यादीत शेवटी फोटो होता, आणि फोटोसाठी वेगळा छापील कागद. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, दोन्ही कान दिसायला हवेत, सावली नको, हसू नको. हनुवटीच्या टोकापासून डोक्याच्या वरपर्यंत, केस धरून, पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर. फोटोच्या खालच्या कडेपासून डोळे अठ्ठावीस ते पस्तीस मिलिमीटरवर.

तो कागद वाचून मला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. किमान आणि कमाल. ही माझी भाषा होती. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. वर्षाकाठी हजारो भाग माझ्या हाताखालून जायचे आणि माझ्या शब्दावर कोणी प्रश्न विचारायचं नाही. मी बायकोला म्हणालो, फोटोचं मी बघतो. ती म्हणाली, "बघ की. तुझंच काम आहे ते."

शनिवारी संध्याकाळी आम्ही लोकलने एग्मोरला गेलो. व्हिसाचे फोटो काढणारा एक स्टुडिओ तिला ऑफिसातल्या कोणीतरी सांगितला होता. स्टेशनासमोरच्या लॉजच्या रांगेतून आत शिरलं की एका जिन्याच्या वर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि आरसा, आतल्या खोलीत कॅमेरा, दोन छत्र्या लावलेले दिवे आणि एक फिरतं स्टूल. फोटोग्राफर पन्नाशीचा, बारीक, पांढरा शर्ट इस्त्रीचा, कपाळावर गंधाची उभी रेघ. त्याने मला पाहिलं, हिला पाहिलं आणि माझ्यासाठी स्टूल पुसलं. इंग्रजीत विचारलं, सर कोणत्या देशाला चाललेत? बायकोने तमिळमध्ये काहीतरी उत्तर दिलं. तिला तमिळ येऊ लागलं होतं, मला दोन वर्षांत दूध आणि सुटे पैसे मागण्यापुरतंच आलं होतं. त्याने मान डोलावली आणि स्टूल तिच्याकडे फिरवलं.

तेवढ्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मराठीत म्हणालो, "बस तूच आधी. तुझ्याच नावाची वरात आहे, मी आपला मागून चालणारा वऱ्हाडी."

"हळू बोल," ती म्हणाली.

"इथे कोणाला कळतंय?"

चेन्नईत मराठी माणसाला ही एक सवय लागते. बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे, आपण दोघंच खोलीत असल्यासारखं बोलायचं. शेजारच्या बाईची साडी, दुकानदाराचं पोट, आपलं भांडण, सगळं मोकळ्या आवाजात. आपली भाषा म्हणजे आपल्याला दार लावल्यासारखी वाटते. मला तर त्या दाराचं फारच अप्रूप होतं.

फोटोग्राफरने बोटाने कपाळ दाखवून सांगितलं, पोट्टु काढा. टिकलीबद्दल कागदात काही नव्हतं, पण त्याचा तसा रिवाज होता, एकदा कोणाचा तरी फोटो परत आल्यापासून. बायकोने टिकली काढली आणि हात पुसावा तितक्या सहज काउंटरशेजारच्या आरशाला लावली. तेव्हा मी तो आरसा नीट पाहिला. चौकटीच्या आतल्या कडेने, खालपासून वरपर्यंत, टिकल्याच टिकल्या होत्या. लाल, काळ्या, खड्यांच्या, सापाच्या आकाराच्या. फोटोसाठी काढून ठेवलेल्या आणि परत कपाळाला लावायच्या राहून गेलेल्या. एवढ्या बायका इथून गेल्या होत्या. त्यातल्या किती नवऱ्यामागून आणि किती नवऱ्यापुढून, याचा मी उगाच हिशोब करत बसलो.

मग माझा फोटो झाला. चष्मा डोळ्यांवर तसाच होता, असला काय, नसला काय, मला काही फरक पडत नव्हता. अर्ध्या तासात दोघांच्या सहा सहा प्रती हातात आल्या. माझ्या फोटोकडे मी बघितलंही नाही.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी कपाटातून माझा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, काढला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तिचा फोटो ठेवला, दिवा जवळ ओढला. एखाद्या भागाची तपासणी करावी तसा मी अगदी शांत होतो. हनुवटीवर एक टोक, डोक्यावर दुसरं. पट्टीवर तीस आलं. तीस आणि त्यावर काही नाही. पंचवीस आणि पस्तीस यांच्या अगदी मधोमध. आमच्याकडे मशीन नवं असताना, हत्यार धारदार असताना, दिवसातून एखादा भाग असा मधोमध येतो आणि आम्ही तो एकमेकांना दाखवतो.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. तिने विचारलं, किती?

मी व्हर्निअरचं वरचं टोक जरा खाली घेतलं, जिथे कपाळ संपून केस सुरू होतात तिथे. "चोवीस पॉइंट चार," मी म्हणालो. "नापास."

"केस धरून?"

"डोकं म्हणजे डोकं. केस कसले मोजायचे?"

कागदात 'केस धरून' असं स्पष्ट छापलं होतं आणि कागद तिच्याच पर्समध्ये होता. तिने एकदा माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं, बघते. आणि आत गेली. मी व्हर्निअर पुसून डब्यात ठेवला. मला भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर जिवाला गार वाटलं. जिला कॉलेजात कधी कोणी नापास केलं नाही, तिला मी नापास केलं होतं.

एवढं मात्र लिहून ठेवतो की त्याच वर्षी मी मशीनवरच्या एका ऑपरेटरला सगळ्या कारखान्यासमोर झापलं होतं. त्याने न मोजताच रजिस्टरमध्ये मापं लिहिली होती. मी त्याला म्हणालो होतो की भाग बिघडला तर माफ करता येतं, मशीन आहे, बिघडणारच. पण खोटं रीडिंग देणाऱ्या माणसाला या विभागात जागा नाही. त्याची बदली झाली. तो जाताना माझ्याकडे बघत होता आणि मी ताठ मानेने उभा होतो.

सोमवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली आणि स्वतःहून म्हणाली, उद्या एग्मोरला जाऊ परत. मला वाटलं, मानली हिने माझी तपासणी. मी मोठेपणाने म्हणालो, जाऊ की, काम नीटच व्हायला हवं. ती चपला काढता काढता म्हणाली, "आणि जातोच आहोत तर तुझाही नव्याने काढून घेऊ. चष्म्याशिवाय." मी म्हणालो, माझ्या फोटोला काय झालंय? ती म्हणाली, काही नाही, जातोच आहोत तर.

मंगळवारी पुन्हा तो जिना. पुन्हा तिची टिकली आरशाला. ती आणि फोटोग्राफर तमिळमध्ये काहीतरी बोलले, तिने पर्समधून एक पाकीट काढून त्याला दिलं, त्याने ते खणात ठेवलं. मला वाटलं, शनिवारचे फोटो परत केले असतील. त्यांचं बोलणं लांबलं तसं माझं डोकं फिरलं. ही इथे तमिळ बोलणार, तिकडे इंग्रजी बोलणार, आणि मी दोन्हीकडे बाजूला उभा. मी मराठीत सुरू केलं. या माणसाला फोटो काढता येत नाहीत, हातात कॅमेरा आहे म्हणून फोटोग्राफर झालाय. मग गाडी आमच्यावर आली. मी नसतो आलो तर काय अडलं असतं, तुझ्या सामानात मी एक नग, वजन करून घेतलंस का माझं? फोटोग्राफर दिव्याची छत्री सरळ करत होता. त्याने मला स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला आणि इंग्रजीत म्हणाला, सर, चेहरा सैल सोडा. मी म्हणालो, सैलच आहे.

बुधवारी सकाळी मी पुन्हा व्हर्निअर काढला. या वेळी डोळे मोजले. एकतीस आलं होतं. मी खालची कड फोटोची न धरता पांढऱ्या समासाच्या आतून धरली आणि सांगितलं, सत्तावीस पॉइंट सहा. अठ्ठावीस हवेत. थोडक्यात गेलं. वाईट वाटल्यासारखी मान हलवली. आमच्या बसची वेळ झाली होती. ती म्हणाली, बरं. थांब्यावर तिची बस आधी आली, ती चढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने हात केला नाही. मला वाटलं, आता ताण येतोय हिला. पुढचा सोमवार जवळ येत होता.

मला काय हवं होतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला बसमध्ये रोज विचारायचो आणि उत्तर टाळायचो. तिचं जाणं रद्द व्हावं, असं मी कधी मनातल्या मनातही पूर्ण वाक्य केलं नाही. पण तारीख हुकली, ती हिरमुसली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवतोय आणि म्हणतोय, जाऊ दे, पुढच्या वर्षी. हे चित्र मी कितीदा तरी रंगवलं. त्या चित्रात मी फार प्रेमळ दिसायचो.

गुरुवारी रात्री जेवताना ती म्हणाली, उद्या शेवटचं जाऊ. तुझाही घेऊ. मी म्हणालो, माझा कशाला सारखा सारखा? ती म्हणाली, मागच्या वेळी तू दमलेला दिसत होतास.

शुक्रवारी आम्ही पोचलो आणि आधी तिचा फोटो झाला. मी स्टुलावर बसलो आणि वीज गेली. चेन्नईत तेव्हा वीज जायची आणि येईपर्यंत काही खरं नसायचं. आतली खोली भट्टीसारखी तापली. फोटोग्राफरने खिडकी उघडली, पुठ्ठ्याचा एक तुकडा मला दिला आणि एक स्वतः घेऊन वारा घेत बसला. बायको बाहेर जिन्यात उभी होती. पाऊण तास तसाच गेला. घाम डोळ्यांत जात होता. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. मग एकदम दिवे आले, पंखा फिरला आणि माझ्या तोंडून सुस्कारा निघाला. त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. म्हणाला, डन. प्रती मात्र आज होणार नाहीत, प्रिंटर तापायला वेळ लागतो आणि वीज परत जाईल. उद्या कोणीतरी येऊन न्या.

शनिवारी तिला ऑफिसात काम होतं, मला सुट्टी. मी एकटा गेलो, व्हर्निअर खिशात घेऊन. घरी जाऊन तिसऱ्यांदा काय सांगायचं याची मी लोकलमध्ये तयारी करत होतो. सावली म्हणावं का? सावली मोजता येत नाही, पण तिच्यावर वाद घालता येतो.

दुकानात कोणी नव्हतं. फोटोग्राफरने दोन पाकिटं काउंटरवर ठेवली. मी बायकोचं पाकीट उघडलं, फोटो काढला आणि तिथेच व्हर्निअर लावला. मला वाटलं, याच्यासमोरच याची चूक काढावी. तो माझ्या हातांकडे बघत होता. मग त्याने स्वच्छ मराठीत म्हटलं, "साहेब, तें टोक आणखी वर घ्या. केंस धरून मोजावें लागतें."

माझा हात तिथेच राहिला.

"आम्ही तंजावूरचे," तो म्हणाला. "घरांत आम्ही हेंच बोलतों. तुम्ही फार घाईनें बोलतां, पण समजतें."

गेल्या शनिवारपासूनचं सगळं एका दमात माझ्या कानांत परत वाजलं. वरात, वऱ्हाडी, सामानातला नग, कॅमेरा आहे म्हणून फोटोग्राफर. मी कसंबसं विचारलं की तुम्ही आधी बोलला का नाहीत? तो म्हणाला, नवरा-बायको बोलत असतां मध्यें कशास यावें? आणि यात टोमणा नव्हता. दुकान चालवणाऱ्या माणसाने शिकून ठेवलेली गोष्ट होती ती.

मला काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून मी म्हणालो की बायकोचा फोटो दोनदा मापात बसला नाही, त्यामुळे जरा त्रास झाला. त्याने खण उघडला. मंगळवारी बायकोने दिलेलं पाकीट बाहेर काढलं, त्याखाली आणखी एक होतं. दोन्ही माझ्यासमोर ठेवली.

"बाईंचा फोटो पहिल्याच खेपेस पास जाला," तो म्हणाला. "परत आले ते तुमचे."

पाकिटांत माझे फोटो होते. पहिल्यावर चष्म्याच्या दोन्ही काचांवर दिव्याचे पांढरे ठिपके, डोळे दिसतच नव्हते. दुसऱ्यात चष्मा नव्हता आणि मी होतो. भुवया जवळ आलेल्या, ओठ दाबलेले, कपाळावर तीन आठ्या. हसू नको असं कागदात होतं, पण इतकंही नको, असं कोणालाही वाटलं असतं. दुसऱ्या फोटोला ट्रॅव्हल डेस्कची एक चिठ्ठी टाचलेली होती, काय चुकलं ते फोटोग्राफरला दाखवायला बायकोने तीही सोबत दिली होती. चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलं होतं की डिपेंडंटचा चेहरा नैसर्गिक नाही, फोटो बदलावा. आणि खाली, त्यांचा फोटो नंतर दिला तरी चालेल, तुमची एकटीची फाईल आज पाठवू का? त्याखाली बायकोच्या अक्षरात होतं, नको, दोघांची एकत्रच पाठवा.

म्हणजे तिची फाईल माझ्यामुळे अडली होती. आठवडाभर मी ज्या गोष्टीला हातभार लावत होतो ती गोष्ट खरोखरच होत आली होती, माझ्या खोट्या मापामुळे नव्हे तर माझ्या खऱ्या तोंडामुळे. आणि तिने ते दोनदा लपवलं होतं, मी आधीच डिपेंडंट या शब्दाने सुजलोय म्हणून.

मी वर पाहिलं तर समोर आरसा होता. चौकटीच्या उजव्या कडेला, एकाखाली एक, तिच्या बारीक मरून टिकल्या. तीन. मी त्याला नमस्कार केला आणि जिना उतरलो. परतीच्या लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली होती पण मी दारापाशी उभा राहिलो.

ती घरी आली तेव्हा मी भाजी चिरून ठेवली होती. तिने भाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं असावं. मी काउंटरवर घडलेलं सगळं सांगितलं, तंजावूरच्या माणसाचं मराठीही. त्यावर ती जरा हसली. मग म्हणाली की तिला पहिल्याच दिवशी शंका आली होती, माझं बोलणं ऐकताना त्याच्या हातातली छत्री हलली होती. मी विचारलं, आणि माझी मापं?

"पहिल्या सेमिस्टरला व्हर्निअर वाचायला तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली.

तिनेच शिकवलं होतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, लॅबच्या बाहेरच्या कट्ट्यावर, मला दोन रेघा कुठे जुळतात ते दिसत नव्हतं म्हणून पेन्सिलचं टोक तिथे टेकवून. मी ते पार विसरलो होतो. म्हणजे रविवारी दारात उभी राहून तिने माझ्या हातातली पट्टी वाचली होती. तरी "बरं, बघते" म्हणून आत गेली होती.

"मग बोलली का नाहीस?"

ती गॅस पेटवत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुला वाटलं असतं की हेही मला जास्त येतं."

तिने कढई ठेवली, तेल ओतलं, हात पुसले आणि पर्समधून तिचा पहिल्या दिवसाचा फोटो काढला. टेबलावर माझ्यासमोर ठेवला, व्हर्निअर त्याच्या शेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. टिकली नसल्यामुळे तिचं कपाळ मोठं दिसत होतं. म्हणाली, "आता नीट मोज. आणि मला सांग."

मला किती आलं ते माहीत होतं. तरी मी मोजलं. हनुवटीवर एक टोक, केसांवर दुसरं, कुठेही न ढकलता. रेघा जुळल्या तिथे पेन्सिलचं टोक टेकवलं. तेल तापून वास यायला लागला होता आणि ती उठली नाही, वाट बघत बसली.

"तीस," मी म्हणालो. "बरोबर मधोमध."

आणि हे सांगतानाही माझ्या पोटात दुखलंच.